घरच्या भिंतीवरचा चित्रपट

चित्रपट म्हटला की आपल्याला थिएटर आठवते, तिकिटाची रांग आठवते आणि मध्यंतरातले खारे दाणे आठवतात. पण मराठी माणसाच्या हातून ही कला वाढली ती घरात, बायकामुलांच्या संगतीने.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली. त्याच्याही आधी, १८९२ मध्ये, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली होती. कल्याण आणि आमचे बोळिंज २०१४ पर्यंत एकाच ठाणे जिल्ह्यातले. म्हणून हा अभिमान थोडा आमचाही! काचांवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर पाडायची, आणि ती अशा खुबीने बदलायची की चित्रच हलल्याचा भास व्हावा. शंबरासुराच्या मायेवरून नाव घेतलेल्या या खेळात विनायक व रामचंद्र हे मुलगेही वडिलांबरोबर राबत.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट तर याहून घरगुती. थोरला मुलगा भालचंद्र वडिलांबरोबर गिरगावातल्या पिक्चर पॅलेसमध्ये पडद्यावरची जनावरे पाहून आला. घरी कोणाचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सारे कुटुंब निघाले. त्या दिवशी खेळ होता ख्रिस्तचरित्राचा. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहत होते.

मग घरातच प्रयोग सुरू झाले. मेणबत्तीचा उजेड भिंगावर धरून रात्री भिंतीवर चित्रे पाडायची! या ध्यासापायी डोळे अधू झाले. उपचारांनी सावरले, पण ध्यास काही सुटला नाही. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले आणि कॅमेऱ्याची मागणी नोंदवून, विद्या शिकून परतले. आता भांडवल हवे होते. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थोडी थोडी चित्रे घेतली. जेमतेम मिनिटभराच्या त्या चित्रात दाण्याचा अंकुर झाला, अंकुराचा वेल झाला. निवडक मंडळींना तो दाखविताच कर्ज देणारे पुढे आले. तरीही सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच.

या माउलीचे ऋण मोठे आहे. रात्री अंधारात बसून फिल्मच्या कडांना भोके पाडायला त्या शिकल्या आणि चित्रण चालू असताना सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांनीच सांभाळला. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा पडद्यावर रोहिदास होता तो त्यांचाच भालचंद्र. पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली त्यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी. डाव फसता तर सारे घर उघड्यावर आले असते. पण सारे घरच त्या डावात उतरले होते.

आज चित्रपट पुन्हा घरात आला आहे, पण प्रत्येकाच्या तळहातावर वेगवेगळा. आजी एका कोपऱ्यात, नातू दुसऱ्या कोपऱ्यात. वाचकहो, या दिवाळीच्या सुटीत एक बेत करून पाहा. एक पांढरी चादर भिंतीवर ताणा, घरात असेल तो पडदा वापरा. दिवे मालवा, चिवड्याचे ताट मधोमध ठेवा आणि ‘कालिया मर्दन’ लावा. आरंभीच मंदाकिनीचा चेहरा क्षणाक्षणाला भाव बदलताना दिसेल. चित्र मुके आहे. म्हणून पाट्या मोठ्याने वाचायचे काम वाचता येणाऱ्या धाकट्याला द्या, आणि गोष्ट आजीने सांगावी.

त्याआधी महिनाभर मुलांना कुंडीत वाटाणे पेरू द्या आणि मोबाइलवर रोज एक फोटो काढायला सांगा. मुख्य खेळापूर्वी ते सारे फोटो भराभर एकामागून एक दाखवा. दाण्यातून वेल चढताना पाहून पोरे ओरडतील, तेव्हा त्यांना सांगा, आपल्या चित्रपटाचा वेलही असाच एका कुंडीतून वर चढला.