जुहूची दोन जहाजं आणि माझा चुकलेला रकाना

२०११ च्या पावसाळ्यात तुम्ही अंधेरी-जुहूकडे असाल तर आठवेल, चौपाटीवर जहाज बघायला ही गर्दी! जूनमध्ये 'विस्डम' आलं, ३१ जुलैला 'पवित'. नोंदी काढताना मी दोन्ही एकाच रकान्यात टाकली: 'अडकलेली जहाजं'. गाईडनी तक्ता परत केला आणि एवढंच विचारलं, "अडकलं म्हणजे नक्की काय झालं?"

इंग्रजी शब्द इथे कामाला येतात, पण ते एकमेकांच्या जागी वापरू नका. 'अग्राउंड' म्हणजे तळ जमिनीला टेकला. भरतीला सुटूही शकतो. 'स्ट्रँडेड'मधला 'स्ट्रँड' म्हणजे किनारा. विम्याच्या कायद्यात तळ नुसता घासून जहाज पुढे सरकलं तर ते स्ट्रँडिंग धरत नाहीत, ते तिथे काही काळ रुतून बसावं लागतं. आणि 'बीचिंग' म्हणजे मुद्दाम किनाऱ्यावर चढवणं. गंमत बघा, 'विस्डम' कोलंबोहून अलंगला भंगारात निघालं होतं, म्हणजे बीचिंगसाठीच! वाटेत ओढणारा दोर तुटला आणि ते जुहूला स्ट्रँड झालं.

'पवित'ची गोष्ट वेगळी आहे. जूनच्या अखेरीस ओमानजवळ बिघाड झाला, १३ खलाशी ब्रिटिश नौदलाच्या मदतीने सुटले, जहाज बुडालं असंच सगळे धरून चालले. ते बुडालं नाही. महिनाभर वाहत राहिलं. म्हणजे आधी 'अबँडन्ड', मग 'अड्रिफ्ट', शेवटी 'अग्राउंड'. माझ्या रकान्यात फक्त शेवटची पायरी आली होती. पण खरा प्रश्न मधल्या महिन्याचा आहे: २६/११ ला तीन वर्षंही झाली नव्हती, आणि माणूस नसलेलं जहाज कोणाच्या लक्षात न येता थेट जुहूला कसं पोचलं? तेव्हाचा गदारोळ त्यावरूनच होता.

परत येण्याची आशा आणि इरादा दोन्ही सोडून दिलेलं जहाज कायद्यात 'डेरेलिक्ट' ठरतं. म्हणून तर खलाशी जहाजावर होते का, हे आधी बघायचं. असे वाद आपल्या किनाऱ्याला नवे नाहीत. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा फुटून किनाऱ्याला लागलेली इंग्रजांची जहाजं परत मिळावीत अशी त्याची मागणी होती. शिवाजी महाराजांनी आधी हरकत घेतली: कोकणच्या रिवाजात असा माल परत देत नाहीत, आणि इंग्रजांना सूट दिली तर फ्रेंच, डचही मागतील.

'मरून्ड' मात्र जहाजांच्या तक्त्यात घालू नका. तो शब्द निर्जन जागी सोडलेल्या माणसाचा.

आता माझ्या तक्त्यात तीन रकाने आहेत: जहाज कुठे होतं, त्यावर कोणाचा ताबा होता, माणसं कुठे होती. मराठी वर्तमानपत्रं चाळताना 'भरकटलं', 'रुतलं' आणि 'बेवारस' हे तिन्ही शब्द वेगवेगळे शोधा. 'पवित' तिन्हींखाली सापडेल.