माथेरानचा जमाखर्च

उन्हाळा लागला की आपल्या उपनगरांतील माणूस डोंगराचे नाव काढतो. मुलुंड-घाटकोपरचा असो की अंधेरी-बोरिवलीचा, घामाने भिजलेल्या लोकलमधून उतरताना त्याच्या तोंडून एकच वाक्य निघते : "अशा थंड हवेच्या गावी कायमचे राहावयास मिळाले तर!" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा एकदा नीट हिशेब मांडावा असे वाटले. डोंगरावरच्या लहान गावात राहणे सुखाचे की दुःखाचे? हा प्रश्न हवेचा दिसतो; पण खोलात गेले म्हणजे तो इतिहासाचा आणि पोटाचा निघतो. हिशेबासाठी आपल्याला काश्मीरला किंवा स्वित्झर्लंडला जाण्याचे कारण नाही. आपल्याच मध्य रेल्वेवर, कर्जतच्या अलीकडे, नेरळ स्टेशन आहे आणि त्याच्या माथ्यावर, सुमारे आठशे मीटर उंचीवर, माथेरान आहे.

माथेरान १८५० साली 'सापडले' असे पुस्तकांत लिहितात. त्या वर्षीच्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट ह्यांचा मुक्काम पायथ्याच्या चौक गावी होता. गावच्या पाटलाला बरोबर घेऊन ते ओढ्याच्या वाटेने वर चढले आणि रामबागेच्या बाजूने उतरले. त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला ते पुन्हा आले, पायवाटा आखल्या आणि घर बांधले. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन ह्यांनी ह्या ठिकाणाला आश्रय दिला आणि मुंबईच्या साहेबलोकांची तेथे रीघ लागली.

आता श्रोत्यांनी क्षणभर थांबून विचार करावा. कलेक्टरसाहेबांना वाट कोणी दाखविली? चौकच्या पाटलाने. म्हणजे ज्याला डोंगर ठाऊक होता त्याच्या पाठोपाठ चालून, ज्याला ठाऊक नव्हता त्याने तो 'शोधला'. त्या पठारावर धनगर, ठाकर आणि कातकरी ह्यांच्या वाड्या होत्या. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात त्यांची नोंद आहे. गावाचे नावही साहेबांच्या आधीचे आहे. माथ्यावरचे रान ते माथेरान, असा त्याचा अर्थ कोणालाही कळतो. डोंगरात माणसे राहत होती, फक्त ती हवा खावयास राहत नव्हती. गुरे, लाकूडफाटा आणि रानातले जिन्नस ह्यांवर त्यांचा निर्वाह होता. १८५० नंतर फरक पडला तो हा, की डोंगरावर राहण्याचे प्रयोजनच बदलले. ज्यांचे पोट डोंगरावर चालत होते त्यांचे पोट आता डोंगरावर येणाऱ्यांवर चालू लागले. आमच्या मते माथेरानच्या जमाखर्चाची पहिली ओळ हीच आहे.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्या काही वर्षांत रूळ कर्जतच्या पलीकडे घाटाच्या पायथ्याला भिडले. नेरळपर्यंत मुंबईकर आगगाडीने येऊ लागला. तेथून वर मात्र तो माणसांच्या खांद्यावरून नाही तर तट्टावरून जाई. पालखी, डोली, तट्टू आणि हमाल हीच त्या काळची वाहतूक.

मग सर आदमजी पीरभॉय ह्यांच्या घराण्याने वर गाडी नेण्याचे मनावर घेतले. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन ह्यांनी काम अंगावर घेतले. आपल्या बार्शी लाइट रेल्वेमुळे माहीत असलेले एव्हरार्ड कॅलथ्रॉप सल्लागार इंजिनियर होते. सुमारे सोळा लाख रुपये खर्चून दोन फुटी रुळांची ही गाडी १९०७ च्या मार्चमध्ये सुरू झाली. वीस-एकवीस किलोमीटरांचा मार्ग, वीस फुटांमागे एक फूट चढ आणि दोनशेंवर वळणे. पीरभॉयांचे नाव इतिहासात राहिले ते योग्यच झाले. परंतु सुरुंग लावून तो कडा फोडणाऱ्या, पाठीवर खडी वाहणाऱ्या मजुरांपैकी एकाचेही नाव गाडीतल्या प्रवाशाला सांगता येत नाही. ही तक्रार नव्हे. कारखाना असो की रेल्वे, इतिहास लिहिण्याची रीतच अशी पडून गेली आहे, आणि ती आपण मनात दुरुस्त करून घ्यावयाची असते.

आता जमेची बाजू पाहू, आणि ती हात राखून मांडू नये. माथेरानात मोटार नाही. नेरळहून येणारा घाटरस्ता दस्तुरीला संपतो. तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर, आणि ती पायी. रुग्णवाहिकेसारखे अडीअडचणीचे वाहन सोडले तर इंजिनाचा आवाज कानी पडत नाही. लाल मातीच्या रस्त्याने पोर एकटे शाळेत जाते आणि आईचा जीव टांगणीला लागत नाही. आमच्या उपनगरांत ही चैन कोणत्या आईला मिळते? एकमेकांना नावाने ओळखणारी वस्ती, जांभूळ-हिरड्याची सावली, समोर प्रबळगडाचा कडा, पिण्यासाठी शार्लोट तलाव आणि त्याच्या काठी पिसारनाथ. २००३ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा २१४ चौरस किलोमीटरांवर प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. तसे झाले नसते तर आमच्या पवईच्या टेकड्यांचे जे झाले तेच कदाचित ह्या डोंगराचेही झाले असते.

जमेच्या बाजूस आणखी एक नोंद हवी. लहान गावात माणूस लहान होत नाही, ही ती नोंद. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानातच, एका न्हावी कुटुंबात, विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, पायथ्याच्या शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी त्यांनी धान्याच्या कोठ्या काढल्या. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून मुंबईच्या कारखान्यांकडे जाणारा प्रवाह तोडला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. पाहुण्यांच्या सेवेसाठी वसविलेल्या गावातून पाहुण्यांच्या साम्राज्यालाच आव्हान देणारा पुरुष निघावा, ह्याहून मोठी जमा ती कोणती?

आता खर्चाची बाजू. ती लांब आहे.

पहिली बाब पावसाची. सह्याद्रीच्या ह्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळची गाडी अमन लॉजच्या खाली बंदच असते. ज्या गावाचे उत्पन्न पाहुण्यांवर, त्याचे वर्ष बारा महिन्यांचे राहत नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे 'हंगामी कामगार' हा शब्द फार वापरतो. येथे गावच्या गावच हंगामी आहे.

दुसरी बाब एकाच धाग्यावर लोंबकळण्याची. २६ जुलै २००५ चा पाऊस आपण विसरलेलो नाही. अंधेरीच्या साकीनाक्याला दरड कोसळून माणसे गाडली गेली ती त्याच दिवशी. त्याच पावसाने माथेरानचे रूळ वाहून नेले आणि गाडी पुन्हा सुरू व्हावयास २००७ उजाडले. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरले, गाडी पुन्हा थांबली. २०१९ च्या पावसाने मार्ग खचला तो नेरळपासून थेट चालू झाला २२ ऑक्टोबर २०२२ रोजी. मध्ये २०२० ची टाळेबंदी आली आणि पाहुणाच नाहीसा झाला. गिरणी बंद पडली तर लालबागच्या माणसाला निदान दुसऱ्या कारखान्याचे दार ठोठावता येत असे; डोंगरावर दुसरा कारखाना कोठून आणावा?

तिसरी बाब महागाईची. भाजी, धान्य, गॅसची टाकी, घराची वीट, जे काही वर येते ते कोणाच्या तरी पाठीवरून किंवा घोड्यावरून येते, आणि वाहण्याची मजुरी भावात चढते. कॉलेजसाठी मूल खाली धाडावे लागते. मोठे दुखणे रात्री आले तर आधी दस्तुरी गाठायची, मग घाट, मग पुढचा विचार. २००१ च्या शिरगणतीत गावची वस्ती ५,१३९ होती; २०११ मध्ये ती ४,३९३ झाली. आजूबाजूचा सारा मुलूख फुगत असताना माथेरानची माणसे कमी झाली. वर राहण्याविषयी राहणाऱ्यांनी दिलेला हा निकाल आहे. तो कवितेपेक्षा अधिक विचारात घ्यावा.

हे दुखणे केवळ आपले नाही. बर्फाच्या देशांत घसरगुंडीच्या खेळावर, म्हणजे स्कीइंगवर, जगणारी डोंगरी शहरे आहेत. त्यांचा हंगाम हिवाळ्याचा, आपला उन्हाळ्याचा. बाकी गणित तेच. अमेरिकेतील ॲस्पेन हे मूळचे चांदीच्या खाणीचे गाव. १८९३ साली चांदीचा भाव कोसळला आणि गाव ओस पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे स्कीइंग आले आणि पैशाचा पूर आला. परंतु त्या पुरात जागेच्या किमती इतक्या चढल्या की हॉटेलात बिछाने घालणाऱ्या, बर्फ उपसणाऱ्या अनेक कामगारांना दरीत खाली दूरवर राहून रोज वर यावे लागते. स्वित्झर्लंडच्या झेरमाटात माथेरानप्रमाणेच मोटारबंदी आहे. पाहुणा आपली मोटार खालच्या तॅश गावी ठेवतो आणि आगगाडीने वर जातो. पण तेथे गावात विजेच्या छोट्या गाड्या चालतात, आणि जुन्या रहिवाशांच्या सामाईक मंडळाच्या मालकीची हॉटेलेही आहेत. मोटारबंदी पाळण्यासाठी माणसाने माणूस ओढलाच पाहिजे असे नाही, एवढे तरी ह्यावरून सिद्ध होते.

येथे आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. माथेरानची शांतता फुकट मिळालेली नाही. इंजिन नको म्हटले की त्याचे काम कोणीतरी अंगाने करावे लागते. माथेरानात ९४ परवानाधारक हातरिक्षा होत्या. चढावर एक रिक्षा ओढावयास तीन माणसे लागत. एक पुढे, दोघे मागे. पाहुण्याला हा प्रकार मौजेचा वाटे. ओढणाऱ्याच्या छातीला आणि गुडघ्यांना काय वाटे हे त्याने कधी विचारले नाही. शेवटी रिक्षा ओढणारेच संघटित होऊन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि म्हणाले, आम्हांस ई-रिक्षा द्या. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रयोगादाखल परवानगी दिली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या गाड्या धावल्या. शाळेची पोरे आणि म्हातारी माणसे त्यांतून जाऊ लागली.

त्यांना विरोध झाला, आणि तो बंगलेवाल्यांचाच होता असे नव्हे. घोडेवाल्यांनी विरोध केला. परवान्याचे ४६० घोडे गावात. प्रत्येकामागे एक चूल. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण ज्याची भाकरी एकाच फेरीवर अवलंबून आहे तो दुसऱ्याच्या गाडीकडे निर्मळ मनाने कसा पाहील? कामगाराला कामगाराशी भिडविणारी ही जुनीच तऱ्हा आहे. काम थोडे आणि हात फार असले की भांडण खालच्या पायरीवर होते, वरच्या पायरीवरचे लोक ते गॅलरीतून पाहतात.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई ह्यांच्या खंडपीठाने आदेश दिला : सहा महिन्यांच्या आत माथेरानातील हातरिक्षा बंद व्हाव्यात, सरकारने ई-रिक्षा विकत घेऊन खऱ्याखुऱ्या रिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने चालवावयास द्याव्यात, पैसा नाही ही सबब चालणार नाही. आदेशात पंजाबच्या आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या १९८० च्या निकालाचा आधार घेतला आहे. त्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी रिक्षाचालक स्वतः गाडीचा मालक कसा होईल, कर्ज कोठून मिळेल, ह्याची व्यवस्था सुचविली होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा एका युनियनचा खटला माथेरानच्या डोंगरावर कामाला आला, ही गोष्ट ज्यांना संघटना म्हणजे नुसता आरडाओरडा वाटतो त्यांनी ध्यानात ठेवावी.

आता हिशेबाची बेरीज. डोंगरावर राहणे सुखाचे आहे काय? हवेपुरते विचाराल तर होय. परंतु शुद्ध हवेवर संसार चालत नाही. बारमाही कामाची, रात्रीच्या औषधपाण्याची, मुलाच्या शिक्षणाची आणि माणसाला शोभेल अशा वाहतुकीची सोय झाली तर रहिवासी डोंगर सोडणार नाही, आणि तो राहिला तर रानही राहील. कारण रान राखणारा नियम दिल्लीत झाला तरी वणवा विझविणारा हात गावचाच असतो. तशी सोय झाली नाही तर बंगले उरतील, हॉटेले उरतील, गाव उरणार नाही.

ह्यात आपणा श्रोत्यांचे काय काम, असे कोणी म्हणेल. आपले काम आहे. कारण माथेरानच्या जमाखर्चात आपण 'पाहुणा' ह्या खात्यावर आहोत आणि ते खाते सर्वांत मोठे आहे. आपण दस्तुरीला उतरून ओझे कोणाकडे देतो, किती मजुरी घासाघीस करून कमी करतो, गाडीला माणूस जुंपलेला पाहून त्यात बसतो की उतरतो, ह्यावर तेथील कुणाची तरी संध्याकाळ अवलंबून असते. ह्या मे महिन्यात जे वर जातील त्यांनी थंड हवेचा आनंद अवश्य घ्यावा. फक्त परत येताना 'येथे राहावयास मिळाले तर' असे म्हणण्यापूर्वी, जे तेथे राहतात त्यांपैकी एकाला तरी, पाऊसभर तुम्ही काय करता, एवढे विचारावे.