मेक्सिकोंतील घरगुती यंत्रें आणि गच्चीवरची खोली

घरांतील सुखसोय म्हणजे श्रमांची बचत, असें आपण गृहीत धरतों. परंतु बचत कोणाच्या श्रमांची, हा प्रश्न मेक्सिकोंतील मध्यमवर्गीय घराचा इतिहास पाहूं लागल्यास पदोपदीं पुढें येतो.

तेथील रोजचें अन्न म्हणजे मक्याची पातळ भाकरी, तोर्तिया. मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून, रात्रभर मुरवून ओलाच वाटावयाचा. (युरोपीयांनीं मका नेला, ही रीत मात्र नेली नाहीं, म्हणून मक्यावरच जगणाऱ्या त्यांच्या गोरगरिबांस पेलाग्रा जडला.) वाटण्यासाठीं ‘मेताते’ हा तीन पायांचा, उतरता दगडी पाटा असे. त्यापुढें गुडघे टेकून स्त्रियांचे रोज चार-पांच तास जात. विसाव्या शतकांत ओल्या मक्याच्या गिरण्या गांवोगांव पसरल्या, तेव्हां पुष्कळ पुरुषांनीं चवीची सबब सांगून नाकें मुरडलीं. तेपोस्त्लान या गांवाविषयीं ऑस्कर ल्युइस यांनीं १९५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हा विरोध नमूद आहे. पण स्त्रियांनीं गिरणीच पत्करली. चवीचा एवढा कैवार घेणारांपैकीं कोणी स्वतः दगडापुढें बसला असेल, असें वाटत नाहीं!

शहरांतील हकीकत निराळी. मिगेल आलेमान यांच्या कारकीर्दींत (१९४६–१९५२) राजधानींतील मध्यमवर्ग वाढला. १९४७ सालीं तेथें सिअर्सचें दुकान उघडलें. १९४९ सालीं मारिओ पानी या वास्तुशिल्पज्ञानें सरकारी नोकरांसाठीं १०८० बिऱ्हाडांची वसाहत उभारली. कोळशाच्या शेगडीच्या जागीं गॅसची चूल आली, शीतपेटी आली, आणि ‘लिकुआदोरा’ म्हणजे विजेवर वाटण करणारें यंत्र आलें. मिरची-टोमॅटोची चटणी दगडी खलांतून यंत्रांत गेली. ती पुष्कळांच्या मतें चव दवडूनच.

तथापि या वर्गाच्या सुखाचें मुख्य साधन विजेवर चालत नव्हतें. तें गच्चीवरच्या लहानशा खोलींत राहत असे. खेड्यांतून आलेली मोलकरीण तेथेंच हौदाशीं कपडे धुई, आणि खालीं येऊन नव्या चुलीवर स्वयंपाक करी. यंत्र आणि मोलकरीण दोन्ही असणें, हेंच आमच्या मतें तेथील प्रतिष्ठितपणाचें खरें लक्षण होतें. अल्फोन्सो क्वारोन यांच्या २०१८ सालच्या ‘रोमा’ या चित्रपटांत १९७० च्या सुमाराचें असेंच एक घर दिसतें. त्याच वर्षीं डिसेंबरांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें घरकाम करणारांस सक्तीच्या सामाजिक विम्यांतून वगळणें घटनाविरुद्ध ठरविलें, आणि २०१९ सालीं कायदा बदलून त्यांच्यासाठीं लेखी कराराची तरतूद झाली.