अवकाळीनं हलवलेली मैफल

अवकाळी पाऊस कांदा-द्राक्षांनाच झोडपतो असं नाही. गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ साली पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. तो डिसेंबरच्या थंडीत, मैदानावर मांडव घालून होतो. पूर्वी श्रोते शाली पांघरून रात्रभर गाणं ऐकत. २०१४च्या डिसेंबरात मात्र पाऊस आला, मैदानात चिखल झाला आणि महोत्सव जानेवारीवर गेला.

हिवाळा हा कलाकारांचा सुगीचा काळ. तारखा आधीच दिलेल्या असतात. एक मैफल हलली, की गायिका, तबलजी, मांडववाला, साऱ्यांचंच गणित चुकतं. म्हणून आम्ही म्हणतो, हळदीकुंकवाला भजनी मंडळ बोलावताना पावसासाठीची दुसरी तारीखही तेव्हाच ठरवून ठेवूया.