विशेष गरजा असलेल्या युवकांचे व्यावसायिक प्रशिक्षण

विशेष गरजा असलेल्या युवकांचे व्यावसायिक प्रशिक्षण म्हणजे बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांगता तसेच दृष्टी, श्रवण वा हालचालींच्या मर्यादा असलेल्या तरुणांना उपजीविकेच्या कामासाठी तयार करणारे पद्धतशीर शिक्षण होय. महाराष्ट्रात हे प्रशिक्षण विशेष शाळांना जोडलेले वर्ग, स्वयंसेवी संस्थांच्या कर्मशाळा, औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय) आणि क्वचित प्रत्यक्ष कामाच्या जागी दिले जाते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः नांदेड व लातूर जिल्ह्यांतील परिस्थितीचा विचार केला असून, तालुक्याच्या पातळीवरील उदाहरण म्हणून हिमायतनगरचा आधार घेतला आहे.

संज्ञा

'विशेष गरजा' हा शब्दप्रयोग मुख्यतः शिक्षणक्षेत्रातील आहे. शासकीय व्यवहारात पूर्वी 'अपंग' हा शब्द रूढ होता. आता त्याची जागा 'दिव्यांग' या शब्दाने घेतली आहे. 'मतिमंद' ही संज्ञा अनेक जुन्या संस्थांच्या नावांत अद्याप आढळते, मात्र कायद्यात 'बौद्धिक दिव्यांगता' अशी संज्ञा वापरली जाते. कोणत्याही प्रकारची किमान ४० टक्के दिव्यांगता प्रमाणित झालेल्या व्यक्तीस 'लक्षणीय दिव्यांगता असलेली व्यक्ती' समजतात व आरक्षणादी बहुतेक लाभ तिलाच मिळतात.

इतिहास

महाराष्ट्रातील अशा प्रशिक्षणाचा एक आरंभीचा प्रयत्न सैनिकांसाठी झाला. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या भारतीय जवानांना हाताला काम मिळावे म्हणून १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी तंत्रसंस्था स्थापन झाली. पुढे ती पुण्याजवळ खडकी येथे हलविण्यात आली. अंधांच्या शाळांतून वेतकाम, खुर्च्या विणणे व संगीत हे विषय दीर्घकाळ शिकविले जात. बौद्धिक दिव्यांग मुलांकडे लक्ष त्यामानाने उशिरा गेले. मुंबईत वकील दांपत्याने १९४४ साली सुरू केलेली, आज जय वकील या नावाने ओळखली जाणारी शाळा आणि पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी स्थापन केलेली 'कामायनी' ही या क्षेत्रातील महत्त्वाची नावे होत. शाळेतून बाहेर पडलेली मुले घरी बसू लागली, तेव्हा अशा संस्थांना शाळेसोबत उद्योगकेंद्रही चालवावे लागले. कर्मशाळेची कल्पना या गरजेतून रुजली. विदर्भात बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ उभारलेल्या आनंदवनात कुष्ठमुक्त व्यक्तींबरोबर अंध, मूकबधिर व अस्थिव्यंग तरुणांनाही हातमाग, सुतारकाम, शिवणकाम इत्यादी उद्योगांचे शिक्षण मिळाले.

१९८४ साली सिकंदराबाद येथे केंद्र शासनाची राष्ट्रीय संस्था बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी स्थापन झाली. नांदेड परिसराला पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद-सिकंदराबाद जवळ असल्याने येथील पालकांच्या दृष्टीने तिचे महत्त्व अधिक आहे.

कायदेशीर चौकट

१९९५ च्या अधिनियमाने शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण दिले होते. त्यात बौद्धिक दिव्यांगतेचा समावेश नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने दिव्यांगतेच्या प्रकारांची संख्या ७ वरून २१ केली, आरक्षण ४ टक्के केले आणि स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, विशिष्ट अध्ययन अक्षमता व मानसिक आजार यांना प्रथमच त्यात स्थान दिले. कलम १९ अन्वये व्यावसायिक प्रशिक्षण व स्वयंरोजगारासाठी योजना आखणे शासनावर बंधनकारक आहे. बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगता आणि स्वमग्नता असलेल्यांसाठी बाजारपेठेशी सक्रिय जोडणी असलेले स्वतंत्र प्रशिक्षण असावे, असे याच कलमात म्हटले आहे.

मात्र कलम ३१ नुसार मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ या वयापुरता आहे. आयटीआयच्या बहुतेक अभ्यासक्रमांना आठवी वा दहावी उत्तीर्णतेची अट असते. परिणामी अस्थिव्यंग किंवा कर्णबधिर विद्यार्थी तेथपर्यंत पोहोचू शकतो. बौद्धिक दिव्यांग विद्यार्थ्याजवळ मात्र अठराव्या वर्षी शाळा सुटते तेव्हा बहुधा कोणतेही प्रमाणपत्र नसते. या क्षेत्रातील सर्वांत मोठी पोकळी हीच होय.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण केला. तत्पूर्वी हा विषय सामाजिक न्याय विभागाकडे होता.

प्रशिक्षणाची पद्धत

प्रशिक्षणाचा गाभा कार्यविश्लेषण हा आहे. कोणतेही काम लहान टप्प्यांत विभागून प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे शिकविला जातो. उदाहरणादाखल हळदपूड पिशवीत भरण्याचे काम घेता येईल. पिशवी उघडणे, ती चौकटीत उभी करणे, मापाने पूड ओतणे, तराजूवर ठेवणे, वजन जुळविणे, तोंड बंद करणे आणि खोक्यात रचणे असे त्याचे सात टप्पे होतात. अंक न ओळखणाऱ्या प्रशिक्षणार्थीसाठी दोन पारड्यांचा तराजू उपयोगी पडतो: एका पारड्यात ठरलेले वजन ठेवले की दुसरे पारडे त्याच्या बरोबरीला आणणे एवढेच त्याला करायचे असते. मोजणी न येणाऱ्यासाठी दहा खाचांची फळी करतात. खाचा भरल्या की एक गठ्ठा पूर्ण झाला. अशा साधनांमुळे उणीव व्यक्तीत आहे की कामाच्या मांडणीत, हा प्रश्न निराळ्या रीतीने पाहता येतो.

अनेकदा शिकविण्याचा क्रम उलटा ठेवतात. पहिले सहा टप्पे प्रशिक्षक करतो व शेवटचा प्रशिक्षणार्थीकडे सोपवितो. मग शेवटचे दोन, मग तीन. यामुळे पहिल्या दिवसापासून काम पूर्ण झाल्याचे समाधान प्रशिक्षणार्थीला मिळते.

हाताच्या कौशल्याइतकेच लक्ष कामाच्या सवयींकडे द्यावे लागते. वेळेवर येणे, स्वच्छता, मदत मागणे, पैसे ओळखणे, एकट्याने एस.टी.ने प्रवास करणे, अनोळखी माणसाशी अंतर राखून बोलणे या गोष्टी अभ्यासक्रमातच येतात. विशेषतः मुलींच्या बाबतीत स्वसंरक्षणाचे व नकार देण्याचे शिक्षण वगळून चालत नाही. पुष्कळदा पालक नेमक्या याच भीतीने मुलीला केंद्रात पाठवीत नाहीत.

कर्मशाळांतून होणारी उत्पादने सर्वत्र जवळपास सारखीच आढळतात: पणत्या, राख्या, मेणबत्त्या, कागदी पिशव्या, लिफाफे, फिनाईल, पायपुसणी. दिवाळी व राखीपौर्णिमेच्या सुमारास ती खपतात. उरलेल्या महिन्यांत काम नसते. शिवाय घेणारा वस्तूची गरज म्हणून नव्हे तर सहानुभूतीपोटी घेत असेल, तर तो धंदा टिकत नाही.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील स्थिती

दोन्ही जिल्ह्यांत विशेष शाळा व पुनर्वसन सेवा मुख्यतः शहरांभोवती एकवटल्या आहेत. लातूरजवळ हरंगुळ येथे जनकल्याण समितीचे 'संवेदना' हे केंद्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी काम करते, तर लातूर शहरातील 'उमंग' केंद्र स्वमग्नता व बहुविकलांगता या क्षेत्रात आहे.

हिमायतनगर हे नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे ठिकाण असून त्याचे जुने नाव वाढोणा. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. उत्तरेस पैनगंगेपलीकडे विदर्भ, पूर्वेस किनवटचा डोंगराळ मुलूख आणि जवळच तेलंगणाची सीमा. शेती हाच येथील मुख्य व्यवसाय असून कापूस, सोयाबीन व हळद ही पिके महत्त्वाची आहेत. अशा ठिकाणच्या तरुणाला रोज जिल्ह्याच्या गावी जाऊन प्रशिक्षण घेणे व्यवहार्य नसते. एस.टी.च्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे; तथापि सोबत जाणाऱ्या आईची बुडालेली मजुरी कोणत्याही सवलतीत भरून निघत नाही. निवासी केंद्र हा पर्याय उरतो, पण त्यात मूल घरापासून तुटते आणि शिकलेले काम गावात परतल्यावर उपयोगी पडेलच असे नाही.

म्हणून ग्रामीण भागात व्यवसायाची निवड परिसरावरून करणे अधिक युक्त ठरते. हळदीची प्रतवारी व पॅकिंग, रोपवाटिकेत पिशव्या भरणे, शेळ्या व कोंबड्या पाळणे, डाळ निवडणे, पत्रावळी यंत्रावर काम, किराणा दुकानातील पुड्या बांधणे ही कामे गावात वर्षभर कमी-अधिक प्रमाणात असतातच. त्यांसाठी नवी बाजारपेठ शोधावी लागत नाही.

निधीचे एक साधन गावातच आहे. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. लहान ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्नच तुटपुंजे असल्याने हा वाटा फार थोडा भरतो, आणि तो लाभार्थ्यांत रोख वाटण्याकडे कल असतो. काही गावांनी तो एकत्र करून एखादे यंत्र किंवा प्रशिक्षकाचे मानधन यांवर खर्च केल्यास त्यातून टिकाऊ काम उभे राहू शकते.

कर्मशाळा की खुला रोजगार

कर्मशाळेत सुरक्षितता, सोबत व दिनक्रम मिळतो, पण मिळकत बहुधा विद्यावेतनापुरतीच राहते. किमान वेतन अधिनियम, १९४८ च्या कलम २६ ने दिव्यांग कामगारांच्या बाबतीत किमान वेतनाची तरतूद लागू न करण्याची मुभा शासनाला दिली होती. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराचे (भारताने तो २००७ साली अनुमोदित केला) कलम २७ मात्र सर्वांना खुल्या, समावेशक श्रमबाजारात काम करण्याचा हक्क देते. 'साहाय्यित रोजगार' ही पद्धत या विचाराशी सुसंगत आहे: आधी नोकरी, मग त्या जागीच प्रशिक्षण, आणि प्रशिक्षकाची मदत हळूहळू कमी करणे. मोठ्या शहरांतील उपाहारगृहे व दुकाने येथे तिला वाव आहे; जेथे नोकऱ्याच थोड्या आहेत अशा तालुक्यांत ती कुटुंबाच्या शेतीत किंवा ओळखीच्या दुकानात राबवावी लागते. तीव्र दिव्यांगता असलेल्यांना कर्मशाळेशिवाय पर्याय नाही, असे अनेक पालकांचे मत आहे व ते सहजी खोडता येत नाही.

पालकत्व आणि मिळकत

अठरा वर्षे पूर्ण होताच आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. बँकेत खाते उघडणे, मजुरी जमा करून घेणे, कर्जाच्या कागदांवर सही करणे या वेळी ही अडचण समोर येते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता व बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा सहभाग असलेल्या स्थानिक स्तर समितीला आहे. पालक नेमला म्हणून व्यक्तीची स्वतःची इच्छा गौण ठरत नाही. २०१६ च्या अधिनियमाचा भर मर्यादित पालकत्वावर, म्हणजे विशिष्ट निर्णयापुरत्या व परस्पर सल्लामसलतीने चालणाऱ्या साहाय्यावर आहे. प्रशिक्षण केंद्रांनी प्रवेशाच्या वेळीच दिव्यांगता प्रमाणपत्र, वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) व पालकत्वाचे कागद यांची चौकशी केल्यास, मुलगा वा मुलगी कमावू लागल्यावर पहिली मजुरी खात्याअभावी अडकून पडत नाही.