बंगालमधील जलपर्णी आणि १९३६ चा कायदा

बंगालच्या विधिमंडळाने १९३६ साली जलपर्णीच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा संमत केला, तेव्हा ही वनस्पती त्या प्रांताच्या पाण्यात येऊन एका पिढीहून अधिक काळ लोटला होता. हा विलंब का झाला, याचे उत्तर बहुधा सरकारी अनास्थेत शोधले जाते. अनास्था होतीच, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. शासनयंत्रणा जमीन ओळखत होती आणि जमिनीचा धनी ओळखत होती. ही वनस्पती मात्र पाण्याबरोबर गावोगाव फिरत होती. या विसंगतीचा विचार केल्यावाचून त्या कायद्याचे मर्म ध्यानी येत नाही.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. जांभळट फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती देशोदेशींच्या बागांत पोहोचली व त्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्येही आली. अनुकूल हवापाण्यात सुमारे दोन आठवड्यांत तिचा विस्तार दुप्पट होतो. १९१४ च्या सुमारास नारायणगंजच्या व्यापाऱ्यांनी जलवाहतूक अडत असल्याची तक्रार सरकारकडे केली. ताग वाहणाऱ्या नावा अडू लागल्या, तेव्हा प्रथम सरकारी कागदांत या प्रश्नाला स्थान मिळाले. शेतकऱ्याची हानी याहून मोठी होती. पुराचे पाणी चढले की जलपर्णीचे विस्तीर्ण तराफे आमन भाताच्या खाचरांत शिरत व उभे पीक चिरडून टाकीत. महायुद्धाच्या काळात लोकांनी तिला ‘जर्मन पाना’ असे नाव दिले. शत्रूनेच ही पीडा धाडली, अशी समजूत त्यामागे होती.

ज्ञानाची वानवा होती असे म्हणता येत नाही. कृषिखात्यातील फिन्लो व मॅक्लीन यांनी या वनस्पतीतील पोटॅशचे प्रमाण तपासून तिचे खतमूल्य दाखवून दिले होते. १९२१ साली जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली व पुढील वर्षी तिचा अहवालही आला. परंतु अहवालानंतर कृती कोणी करावयाची, हा प्रश्न तसाच राहिला.

कृती करण्याजोग्या संस्था दोन पातळ्यांवर होत्या. १८८५ च्या कायद्याने जिल्हा बोर्डे स्थापन झाली होती, तर १९१९ च्या ग्राम-स्वराज्य कायद्याने काही गावांच्या समूहासाठी युनियन बोर्डे. रस्ते, पाणवठे, आरोग्य ही कामे त्यांच्याकडे होती. द्रव्यबळ मात्र तुटपुंजे होते. त्यांच्या सीमा गावांच्या सीमांवरून आखलेल्या. एखादे बील, म्हणजे सखल भागातील विस्तीर्ण पाणथळ, अशा अनेक सीमांवर पसरलेले असे. एका युनियनने हिवाळ्यात आपला भाग स्वच्छ करावा व पुढच्या पुरात शेजारच्या युनियनमधील जलपर्णी तेथे येऊन स्थिरावावी, हे अटळच होते. अशा स्थितीत आपल्या रयतेला राबविण्यात युनियन बोर्डाचे हित कोणते? निष्क्रियता हा येथे केवळ आळस नव्हता, तो हिशेबही होता.

१९३६ च्या कायद्याने शोभेसाठीही जलपर्णी वाढविण्यास मनाई केली व ती काढून टाकण्याचे दायित्व भोगवटादारावर टाकले. परंतु बंगालमध्ये भोगवटादार कोणास म्हणावयाचे? १७९३ च्या कायमधाऱ्यानंतर जमीनदार, त्याखालील मध्यस्थ आणि प्रत्यक्ष कसणारे कूळ अशी हक्कांची उतरंड तयार झाली होती. मासेमारीचा हक्क एकाचा, काठ दुसऱ्याचा, पाणी सर्वांचे. लाभाच्या वेळी हक्क सांगणारे पुष्कळ. दायित्व मात्र उतरंडीच्या तळाशी असलेल्या कुळाच्या माथी येण्याची शक्यता अधिक.

प्रांतांच्या बाबतीतही हीच अडचण दिसते. ब्रह्मदेशाने १९१७ साली असा कायदा केला, आसामने १९२६ साली, आणि बंगालने त्यानंतर दहा वर्षांनी. ब्रह्मपुत्रा व सुरमा आसामातून बंगालमध्ये उतरतात. म्हणजे वरच्या अंगाचा प्रांत कायद्याने बांधलेला आणि खालचा दशकभर मोकळा, अशी स्थिती होती. (पुण्याच्या अभ्यासकास हे अपरिचित वाटू नये. मुळेचा एक काठ पुणे महापालिकेचा व दुसरा पिंपरी-चिंचवडचा, असे काही अंतरावर आहे. तेथील जलपर्णीला सांडपाण्याचे पोषण मिळते, हा भेद मात्र मोठा.)

१९३७ च्या निवडणुकीत बंगालच्या प्रमुख पक्षांनी आपापल्या जाहीरनाम्यांत जलपर्णीच्या निर्मूलनाचे आश्वासन दिले. मताधिकार विस्तारल्यामुळे ग्रामीण मतदाराच्या तक्रारीला आता किंमत आली होती. फझलुल हक यांच्या मंत्रिमंडळाने जिल्हाधिकारी व उपविभागीय अधिकारी यांच्यामार्फत ठिकठिकाणचे लोक कामाला लावून मोहिमा चालविल्या; १९३९ साली ‘कचुरीपाना सप्ताह’ पाळण्यात आला. काझी नझरुल इस्लाम यांनीही या वनस्पतीच्या विध्वंसाचे आवाहन करणारे गीत रचले. सप्ताहाच्या कल्पनेत उत्सवी भाग होता, तरी तिच्यात एक प्रशासकीय शहाणपणही होते: सर्वांनी एकाच वेळी काम केले, तरच शेजाऱ्याच्या पाण्यातून होणारा पुन:प्रवेश टळणार होता. पण एका आठवड्याचे श्रम पाण्याच्या तळाशी वर्षानुवर्षे जिवंत राहणाऱ्या बियांना पुरून उरणारे नव्हते, आणि दरसाल तेवढेच श्रम विनावेतन देणे कुळांना परवडणारे नव्हते.

बंगालच्या दक्षिण भागात शेतकऱ्यांनी या वनस्पतीशी निराळा व्यवहार आरंभिला होता. बरिशाल, पिरोजपूर व गोपालगंज या भागांत कुजणाऱ्या जलपर्णीचे थर रचून तरंगते वाफे तयार करतात व त्यांवर भाजीपाला आणि रोपे वाढवितात. उपयोग सांगितला तर लोक ती राखून ठेवतील, ही निर्मूलनवाद्यांची भीती येथे एका अर्थी खरी ठरली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१५ साली या पद्धतीचा जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशात समावेश केला. वाफ्यांसाठी लागणारी जलपर्णी तेथील शेतकरी पावसाळ्याच्या आरंभी गोळा करतात, आणि जवळपास ती पुरेशी नसेल तर विकत घेतात.