कॅम्पर व्हॅनचं छत अडकलंय? बटण पुन्हा दाबण्याआधी हे तपासा

जुन्नर तालुक्याला राज्य सरकारने २०१८ मध्ये पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला आणि २०२१ मध्ये महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं. नाणेघाट, माळशेज, घोडेगावहून भीमाशंकरला जाणारा डिंभ्याचा रस्ता ही गाडीतच मुक्काम करणाऱ्यांना भुरळ घालणारी ठिकाणं आहेत. पण ज्या व्हॅनचं छत वर उचललं जातं आणि खाली कापडी भिंतींची झोपायची जागा तयार होते, त्या व्हॅनचं छत आडरानात अडकलं तर करायचं काय?

असं झालं की बहुतेक जण पुन्हा पुन्हा बटण दाबत राहतात. तेवढ्याने फ्यूज उडतो, मोटर तापते किंवा छत वाकडं होतं. त्यापेक्षा आधी बिघाड कुठला आहे ते ओळखा: वीज पोचत नाहीये, जोर कमी पडतोय, की मध्ये काही अडकलंय?

छत उचलतं कोण?

याचे साधारण तीन प्रकार असतात.

- हाताने उचलायचं छत: कारच्या डिकीला असतात तसे गॅस शॉकअप याला मदत करतात.
- इलेक्ट्रिक छत: १२ व्होल्टच्या मोटरवर चालणारे दांडे छत वर ढकलतात.
- हायड्रॉलिक छत: छोटा पंप तेलाच्या दाबाने दोन्ही बाजूंचे जॅक वर करतो. ट्रॅक्टरची ट्रॉली पलटी करणारा जॅक याच तत्त्वावर चालतो.

आपल्या गाडीत यातलं काय आहे, हे घरून निघण्याआधीच माहीत हवं.

हात लावण्याआधी

गाडी सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. वर विजेची तार किंवा फांदी नाही ना, ते बघा. अर्धवट उघडलेल्या छताखाली डोकं किंवा सांध्यात हात घालायचा असेल, तर आधी दोन्ही बाजूंना भक्कम टेकू द्या. जॅक किंवा शॉकअप अचानक सुटला तर छत सावरायला वेळ मिळत नाही.

१. बटण दाबलं, पण काहीच आवाज नाही

बिघाड बहुधा विजेचा आहे. अनेक गाड्यांमध्ये चावी ऑन, हँडब्रेक ओढलेला आणि छताचे लॉक पूर्ण उघडलेले असल्याशिवाय छत हलतच नाही. या अटी आधी पूर्ण करा. मग फ्यूज बघा. फ्यूज बदलताना तेवढ्याच अँपिअरचा टाका. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावला तर वायरिंग जळू शकतं.

नंतर बॅटरी. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर गाडी उभी असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२ च्या आसपास असेल तर ती बरीच उतरली आहे. लिथियम बॅटरीचे आकडे वेगळे असतात. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर साचला असेल तर तो साफ करा, अर्थिंगची वायर घट्ट करा.

२. मोटरचा आवाज येतो, छत उठत नाही

इथे वीज पोचते आहे, जोर कमी पडतोय किंवा वजन जास्त झालंय. छतावर सामान आहे का? पावसाचं पाणी साचलंय का? तीन चौरस मीटर जागेवर फक्त एक सेंटिमीटर पाणी साचलं तरी ते ३० किलो भरतं.

हायड्रॉलिक छत असेल तर टाकीतल्या तेलाची पातळी आणि होज पाईपचे सांधे बघा. ओलसर, धूळ चिकटलेला डाग म्हणजे गळती. तेल कंपनीने सांगितलेलंच घाला. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतलं तर आतली सीलं खराब होऊ शकतात.

हाताने उचलायचं छत दुपारी सहज उठतं आणि थंडीच्या पहाटे जड लागतं, याचं कारण वेगळं आहे. थंडीत बंद गॅसचा दाब कमी होतो. तापमान ३० अंशांवरून १० अंशांवर आलं तर दाब साधारण सात टक्के घटतो. शॉकअप जुने झाले असतील तर तेवढा फरकही जाणवतो. बदलताना जोडीने बदला आणि जुना शॉकअप कापू किंवा भोसकू नका, आत दाबाखालचा गॅस असतो.

३. एक बाजू वर, एक खाली

लगेच थांबा. असंच वर ढकलत राहिलात तर बिजागऱ्या वाकतात आणि छताला तडा जातो. छत पूर्ण खाली आणून पुन्हा एकदाच प्रयत्न करा. तरीही वाकडंच उठत असेल तर एका बाजूची मोटर किंवा जॅक कमजोर आहे, किंवा तेलात हवा शिरली आहे. हे मेकॅनिककडचं काम.

४. छत आपोआप खाली बसतं

शॉकअपमधला गॅस संपत आला आहे, नाहीतर जॅकचं सील किंवा वॉल्व्ह गळतोय. टेकू लावून रात्र निभावता येईल असं वाटलं तरी वरच्या बिछान्यावर किंवा छताच्या खाली झोपू नका.

५. छत बंद होत नाही

आधी दार किंवा खिडकी थोडी उघडा. आतली हवा बाहेर जायला वाट नसेल तर कापड फुगतं आणि छत अडतं. मग कापडाची घडी, उशी, पट्टा सांध्यात आलाय का, ते चारही बाजूंनी बघा. मोटर तापून बंद पडली असेल तर तिला थंड होऊ द्या. शेवटचा उपाय म्हणजे हाताने खाली आणायची सोय: हायड्रॉलिक प्रकारात दाब सोडायचा वॉल्व्ह, इलेक्ट्रिक प्रकारात फिरवायचा दांडा. तो कुठे आहे ते पुस्तिकेत दिलेलं असतं. छत खाली येताना दोघांनी दोन्ही बाजूंनी धरावं.

छत लॉक झाल्याशिवाय गाडी अजिबात हलवू नका. वेगात वारा आत शिरला तर छत उखडून मागच्या गाडीवर जाऊ शकतं. पावसाळ्यात नाणेघाटात वाऱ्याच्या जोराने धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं. अशा वाऱ्यात उभ्या गाडीचंही छत उघडू नये.

अंधारात बिघडलं तर?

जुन्नर-आंबेगाव हा बिबट्यांचा भाग आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे आणि उसाच्या शेतात बिबटे राहतात, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे उसाच्या कडेला रात्री खाली वाकून दुरुस्ती करू नका. कापडी भिंतीला भक्कम भिंत समजू नका. खाली लोखंडी भागात, दारं लावून बसा. छत नीट उभं नसेल तर दोन्ही बाजूंना टेकू देऊनच. बिबट्या दिसला तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, इतर संकटात ११२.

दुरुस्ती कुठे?

नारायणगाव, आळेफाटा, मंचर हा शेतीचा आणि ट्रॅक्टरचा पट्टा. कॅराव्हॅनचा मेकॅनिक इथे मिळेलच असं नाही, पण होज पाईप, ऑइल सील आणि जॅकची कामं करणाऱ्यांना हायड्रॉलिक छताचं तत्त्व समजावून सांगावं लागत नाही. वायरिंगसाठी ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. सेन्सर किंवा कंट्रोल बॉक्सचा बिघाड मात्र गाडी बनवणाऱ्यालाच दाखवा.

आणि साध्या व्हॅनचं छत कापून असं छत बसवायचा विचार असेल, तर थांबा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. आधी आरटीओकडे चौकशी करा.

घरी परतल्यावर भिजलेलं कापड छत उघडून पूर्ण वाळवा, सांध्यांतली धूळ पुसा. पुढच्या सहलीआधी अंगणातच छत दोनदा वर-खाली करून बघा आणि हाताने खाली आणायचा वॉल्व्ह किंवा दांडा घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवा.